गॅस गेला कुठून?

माझ्या शेडवर येणारी प्रत्येक गाडी आपलं निदान बरोबर घेऊनच येते. "मेस्त्री, गॅस संपलाय. भरून द्या, लगेच निघायचंय." मुंबईच्या स्लीपर बसचा ड्रायव्हर हेच म्हणतो, टेम्पो ट्रॅव्हलरवाला हेच म्हणतो, आणि हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला निघालेल्या थंड व्हॅनचा पोरगाही हेच म्हणतो. गेल्या एप्रिलात आरे-वारेच्या किनाऱ्यावर मुक्कामाला आलेली पुण्याची एक कॅराव्हॅन माझ्याकडे आली, तेव्हा तिचे मालक काकाही तेच म्हणाले. मी सगळ्यांना उलटा एकच प्रश्न विचारतो, "गेला कुठून?"

काहींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. पण पेट्रोल जळतं म्हणून संपतं, एसीतला गॅस जळतही नाही आणि झिजतही नाही. बंद नळ्यांमधून तो वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. घागरीखालची ओल निदान डोळ्यांना दिसते, इथे तीही दिसत नाही.

माझा या धंद्यातला प्रवास साधा आहे. रत्नागिरीत आयटीआय केलं, मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या वासात दोन वर्षं काढली, मग कुर्ल्याच्या एका गॅरेजात बसच्या एसीवर उस्तादांच्या हाताखाली राहिलो. आईला बरं नसायचं म्हणून परत आलो आणि मिरजोळ्याच्या एमआयडीसीजवळ शेड टाकली. तेव्हा कामाला येत होत्या त्या बर्फाच्या मशिनी आणि मोजक्या गाड्या. आता चाकांवर चालणारं जे काही थंड लागतं, ते सगळं येतं.

घाम आणि स्पिरिट

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार वाटतं, कारण स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. एसीतला गॅस हेच करतो. आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता ओकून पुन्हा द्रव होतो, आणि एक्सपान्शन व्हॉल्वच्या बारीक छिद्रातून परत कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, व्हॉल्व (किंवा त्याच्या जागी बारीक नळी) आणि कॉइल हे चार भाग जगातल्या कुठल्याही कंपनीच्या एसीत असतातच. वरचं झाकण, बटणं आणि स्टिकर मात्र प्रत्येकाचे वेगळे.

यात आमच्या कोकणाची एक खास गोष्ट आहे. विलिस कॅरियर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक यंत्र आखलं, ते माणसांना गार करण्यासाठी नव्हतं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. रत्नागिरीत मे महिन्यातही पारा बहुधा तेहतीस-चौतीसच्या पुढे जात नाही, पण अंगाचा घाम वाळत नाही. त्यामुळे इथे एसीची बरीचशी ताकद हवा गार करण्याआधी ती पिळण्यात जाते. नागपुरात चालणारा एसी इथे आला की त्याच्या ड्रेन पाइपातून पाण्याची धार लागते. ती नळी आंब्याच्या मोहोराने, जांभ्याच्या लाल धुळीने किंवा शेवाळाने तुंबली की पाणी थेट वरच्या बर्थवर झोपलेल्या प्रवाशाच्या तोंडावर. "एसी गळतोय" अशी निम्मी तक्रार ही तुंबलेल्या ड्रेनची असते, आणि ती तारेने व हवेच्या फुंकरीने दहा मिनिटांत मिटते.

टपावरची पेटी कोणाची?

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे एसी चार कुळांतले असतात.

पहिलं कूळ बसचं. कॉम्प्रेसर इंजिनाजवळ पट्ट्यावर फिरतो आणि टपावर लांब पेटीत कंडेन्सर आणि कॉइल असतात. एसटीची शिवशाही २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाली ती मुंबई-रत्नागिरी मार्गावरच, तेव्हापासून आमच्याकडे टपावर पेटी असलेली बस ही नवलाई राहिली नाही. या कुळात सुत्राक, स्फेरोस, कॅरियर, थर्मो किंग अशी नावं दिसतात. लहान गाड्यांत आपली सुब्रोस, जी १९८५ मध्ये जपानच्या डेन्सो आणि सुझुकीच्या भागीदारीत उभी राहिली. यांच्या नळ्या रबरी असतात, सांधे पुष्कळ असतात आणि गॅस भरायला तोट्या दिलेल्या असतात. बसमध्ये गॅस काही किलो बसतो, कारमध्ये साधारण अर्धा किलो.

थर्मो किंगचं नाव आलं की मी थांबतो. ती कंपनी १९३८ मध्ये उभी राहिली ती फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन मेकॅनिकच्या डोक्यातून. लहानपणीच आईबापाविना झालेला, शाळा अर्धवट सुटलेला, गॅरेजात झाडू मारता मारता यंत्रं शिकलेला माणूस. खडबडीत रस्त्यावर धक्के खाऊनही टिकेल असं ट्रकचं शीतयंत्र त्याने बनवलं. मालट्रकातली भाजी, मासळी, औषधं त्यानंतर लांब जाऊ लागली. १९९१ मध्ये, त्याच्या मृत्यूला तीस वर्षं होऊन गेल्यावर, अमेरिकेने त्याला तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं. आंब्याची थंड व्हॅन दुरुस्तीला आली की माझ्या पोरांना मी ही गोष्ट सांगतो. सर्टिफिकेट नसलेल्या हातांनाही इतिहास असतो.

दुसरं कूळ परदेशी कॅराव्हॅनचं. कॉम्प्रेसरपासून कॉइलपर्यंत सगळं एकाच पेटीत, ती टपाला चौकोनी भोक पाडून बसवायची. युरोपात ते भोक ४० सेंटीमीटरचं असतं, अमेरिकेत सव्वाचौदा इंचांचं, म्हणजे ३६ सेंटीमीटरचं. स्वीडनची डोमेटिक, जर्मनीची ट्रुमा, अमेरिकेतल्या विचिटाची कोलमन-माक ही यातली मोठी नावं. कोलमन हे नाव मुळात आपल्या पेट्रोमॅक्ससारख्या दिव्यांचं आहे. कंदिलाचं नाव पुढे थंड हवेच्या पेटीवर चढलं.

गोव्याकडे निघालेलं एक जर्मन जोडपं एकदा हातखंब्याच्या तिठ्यावरून माझ्याकडे आलं होतं. त्यांची पेटी आपल्याकडच्या २३० व्होल्टवर बिनतक्रार चालली, कारण त्यांच्या देशातही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. अमेरिकन पेटीचं तसं नाही. ती ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट अर्धे करता येतात, पण हर्ट्झ बदलत नाहीत. मोटर सहा फेऱ्यांच्या जागी पाचच फेऱ्या मारते, गरम होते, आणि लोक म्हणतात गॅस कमी आहे.

तिसरं कूळ आपल्या जुगाडाचं. बसच्या चासीवर घर बांधलं जातं, कपाटावर घरगुती स्प्लिट एसी लागतो आणि मागच्या बंपरवर त्याचं बाहेरचं युनिट. स्वस्त आणि उत्तम गारवा. पण भिंतीसाठी बनवलेला एसी घाटातले हादरे ओळखत नाही. परशुराम घाट, कशेडीचा जुना रस्ता, चौपदरीकरणाचे खड्डे हे सगळं झेलून तांब्याच्या नळीचं फ्लेअर केलेलं तोंड पिचतं. नळीला एक मोठा वेढा देऊन रबराच्या पॅडवर बांधली तर हादरा वेढ्यात जिरतो. आगबोटीवरचे इंजिनवाले पूर्वीपासून हेच करत आले आहेत.

चौथं कूळ बॅटरीचं. १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारी टपावरची पेटी, इंजिन बंद ठेवून झोपायची सोय. सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे, त्यामुळे ड्रायव्हर मंडळींत आता याची चौकशी वाढली आहे. इथे गणित सोपं आहे. १००० वॉटचा एसी १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर ओढतो. २०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर अडीच तासही पुरत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमी. रात्रभर गारवा मिळेल असं सांगून कोणी पेटी विकत असेल, तर आधी बॅटऱ्या मोजा.

पुण्याच्या काकांची गोष्ट

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्यानंतर गणपतीपुळे-गुहागर पट्ट्यात चालती घरं अधूनमधून दिसू लागली. काकांची त्यातलीच एक. टपावर दुसऱ्या कुळाची पेटी. ती दहा मिनिटं गार हवा द्यायची, मग कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडायचा. वाटेतल्या एका गावात कोणीतरी गॅस भरून दिला होता. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांचाही गारवा मिळेना.

झाकण काढलं आणि मी कपाळाला हात लावला. या पेट्या कारखान्यातून सीलबंद येतात. त्यांना गॅस भरायची तोटीच नसते, कारण त्यांत रबरी नळी नसते, सगळे सांधे ब्रेझिंगने जोडलेले असतात आणि गॅस जायला वाट नसते. भरणाऱ्याने काय केलं होतं? तांब्याच्या नळीला भोक पाडणारी क्लिप लावून, म्हणजे आम्ही जिला लाइन टॅप म्हणतो ती लावून, गॅस सोडला होता. साबणाचं पाणी लावलं, तर त्या क्लिपच्याच रबराखालून बुडबुडे.

मग मूळ दोष काय होता? काकांना विचारलं, "वीज कुठून घेत होतात?" "ज्या घराच्या आवारात उतरलो तिथून, आपली पन्नास मीटरची वायर आहे ना." वायर पाहिली, एक स्क्वेअरची. पंखा-दिव्यांची. चालू असताना हा एसी सहा अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर तीस घेतो. एवढ्या बारीक वायरीत त्या क्षणी पन्नासएक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्यात संध्याकाळी गावातली वीज आधीच दोनशेवर आलेली. कॉम्प्रेसर उठायला जोर लावणार, उठता येणार नाही, तापून ट्रिप होणार. या झटापटीत कपॅसिटर फुगला होता, डब्याचं तोंड वर आलेलं.

म्हणजे गॅस मुळात कमी नव्हताच. तो गेला, तो भरण्यासाठी पाडलेल्या भोकातून.

"अहो, पण त्याने भरल्यावर दोन दिवस चाललं की!" काका म्हणाले. चाललं, कारण ते दोन दिवस ते पावसला एका हॉटेलच्या जाड केबलवर होते. काकू आतून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, हॉटेलातच बरं चालत होतं." आमच्या धंद्यात निम्मं निदान असंच मागच्या सीटवरून येतं, ऐकणारा मिळत नाही.

क्लिप काढली, नळीचा तुकडा कापून नवा ब्रेझ केला, नायट्रोजनचा दाब देऊन रात्रभर ठेवला, सकाळी काटा तिथेच होता. व्हॅक्यूम केला, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून गॅस भरला. कपॅसिटर बदलला आणि चार स्क्वेअरची वायर घ्यायला लावली.

काट्याला फसू नका

वजन का करायचं, हे समजायला स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. तो भरलेला असो की तळाला दोन वाट्या गॅस उरलेला असो, शेगडीची ज्योत सारखीच. आत थोडाही द्रव शिल्लक असेतो दाब तापमानावर ठरतो, किती उरलाय त्यावर नाही. आर-१३४ए हा गाड्यांतला गॅस ३० अंशांना सत्त्याण्णवच्या आसपास पीएसआय दाखवतो, आत पूर्ण भरलेला असला तरी आणि पाव उरला असला तरी. म्हणून इंजिन बंद असताना गेज लावून "कमी आहे" म्हणणारा मेस्त्री अंदाज करतो आहे. चालू असताना दोन्ही बाजूंचे काटे आणि नळ्यांचं तापमान एकत्र वाचावं लागतं, आणि भरताना वजनकाटा लागतो.

व्हॅक्यूमचंही तसंच. कोकणात पावसाळ्यात नळी उघडली की हवेबरोबर पाणी शिरतं. ते आत राहिलं तर व्हॉल्वच्या छिद्रात बर्फ धरतं आणि तेलात मिसळून आम्ल बनतं, जे कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. पाणी १०० अंशांना उकळतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाखाली. पंपाने दाब पुरेसा उतरवला की ते ३० अंशांनाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. त्याला वेळ लागतो. जुलैत मी बसला दोन तास पंप लावतो, आणि बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला चहाला पाठवतो.

गॅसची जातही जपावी लागते. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर गेला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. टपावरच्या पेट्यांत आर-४१०ए सापडतो, घरगुती एसीत आता आर-३२. यांचे दाब वेगळे आणि तेलंही वेगळी, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-१३४ए ओझोन खात नसला तरी हवेत सुटलेला एक किलो गॅस सुमारे चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आहे आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. गळकी बस दर सीझनला पाच किलो भरून घेते, तेव्हा सात टन कार्बन डायऑक्साइडइतका धूर कोणाच्याच नाकाला लागत नाही.

स्वस्त, बिननावाच्या सिलिंडरला मी हात लावत नाही. २०११ साली जहाजावरच्या शीतकंटेनरांत आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा गॅस भरला गेला. त्यात मिथाइल क्लोराइड होतं, ते कॉम्प्रेसरच्या ॲल्युमिनियमशी मिळून स्फोटक झालं, आणि व्हिएतनामपासून ब्राझीलपर्यंत बंदरांवर काम करणारी माझ्यासारखीच माणसं मेली.

खारी हवा

आता आमचा खरा शत्रू. कूलिंग कॉइल आणि कंडेन्सरमध्ये पुष्कळ वेळा तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचं पाणी, की झाली छोटी बॅटरी. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. मांडवीला किंवा भाट्याच्या पुळणीवर रोज उभी राहणारी गाडी मी कंडेन्सर बघून ओळखतो. पात्या बोट लावताच पांढरी भुकटी होऊन गळतात. पात्या गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो, आणि तोच दाब कमजोर सांध्यातून गॅस बाहेर ढकलतो. घाटमाथ्यावर बरीच वर्षं चालणारा कंडेन्सर इथे त्याच्या निम्म्या काळात जातो, असा माझा हिशेब आहे.

उपाय पैशाचा नाही. गोडं पाणी हाच उपाय. किनाऱ्यावरून आल्यावर कंडेन्सरवर साध्या नळाचं पाणी सोडा, आतून बाहेर, हळू. प्रेशर वॉशर मारू नका, पात्या आडव्या होतात. खलाशी बंदरावर आला की होडीचं इंजिन गोड्या पाण्याने धुतो, तीच ही रीत.

बाकी चार गोष्टी सांगतो, त्यांना मेस्त्री लागत नाही. आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवा. कचरलेल्या जाळीने कॉइलवर बर्फ धरतो आणि तोही लोकांना "गॅस कमी" वाटतो. उन्हात तापलेल्या गाडीत आधी खिडक्या उघडून गरम हवा जाऊ द्या. परदेशी पेटीला जाड वायर आणि नीट अर्थिंग द्या. आणि कोणी गॅस भरायला निघालं, तर त्याला दोन प्रश्न विचारा, गेला कुठून, आणि किती ग्रॅम भरणार. दोन्हींची उत्तरं नसतील तर गाडी पुढे काढा.

शेवटचं, पावसाळ्यासाठी. चार महिने गाडी झाडाखाली ताडपत्रीत उभी राहते, तेवढ्यात इंजिनावरच्या कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळचं सील कोरडं पडून चिरतं, आणि गणपतीला चाकरमानी यायच्या दिवशीच गॅस गेलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी सुरू करा आणि दहा मिनिटं एसी चालवा. तेल सीलपर्यंत पोचतं. एवढं केलंत तर माझं दुकान थोडं कमी चालेल, त्याची मला फिकीर नाही. आंब्याचा सीझन आहेच.